अंतराचा अदमास

विटीदांडूच्या खेळात अंतर मोजले जाते ते टोला बसल्यानंतर. विटी दूर जाऊन पडते, मग दांडा आडवा टाकीत टाकीत वकटलेंडच्या परंपरागत शब्दांनी मोजणी होते, आणि बहुधा त्या मोजणीवरून भांडणही होते. गोल्फच्या खेळात हा क्रम उलटा आहे. तेथे अंतर आधी जाणावे लागते आणि टोला नंतर मारावा लागतो. खेळाडूच्या थैलीत नियमाप्रमाणे अधिकांत अधिक चौदा क्लब असतात. प्रत्येकाच्या दांड्याची लांबी वेगळी, पात्याचा कल वेगळा आणि म्हणून त्याचा पल्लाही वेगळा. समोरच्या हिरवळीत, म्हणजे ज्याला खेळाडू ग्रीन म्हणतात तीत, रोवलेले निशाण किती दूर आहे हे ठरल्यावाचून त्या चौदांपैकी कोणत्या क्लबाला हात घालावा हे ठरत नाही.

क्रिकेटमधल्या फलंदाजाला विचार करण्यास निमिषार्धही मिळत नाही. गोल्फच्या खेळाडूपुढे चेंडू स्वस्थ पडून असतो, कोणी तो फेकलेला नसतो, कोणी अडवणार नसतो. विचाराला हवा तेवढा अवसर असतो आणि त्यामुळेच चुकीला सबबही उरत नाही. चेंडू हिरवळीच्या अलीकडील वाळूच्या खड्ड्यात पडला, तर एक तर टोला वाईट बसला किंवा अंतराचा अदमास चुकला. यांपैकी पहिली चूक सुधारण्यास वर्षे लागतात. दुसरी चूक मात्र अलीकडच्या काळात एका मनगटी घड्याळाएवढ्या उपकरणाने सुधारता येईल असा भरवसा दिला जातो. हा भरवसा कितपत खरा आहे, याचा विचार गोल्फ न खेळणाऱ्यांनाही रंजक वाटावा असा आहे.

आरंभीच एक खुलासा. भारतातील गोल्फच्या मैदानावर अंतर यार्डांत सांगतात, म्हणजे मराठीतील वारांत. कापडाच्या दुकानातून वार गेला आणि मीटर आला, शाळेच्या पाठ्यपुस्तकांतूनही तो गेला, परंतु या खेळात तो टिकून आहे. एक वार म्हणजे तीन फूट, एक्क्याण्णव सेंटिमीटरांहून किंचित अधिक.

मनुष्याचा डोळा हे अंतर मोजण्याचे मूळ साधन, आणि ते साधन किती भाबडे आहे हे गोल्फची मैदाने रचणाऱ्यांइतके कोणी ओळखले नसेल. सपाट माळावर वस्तू जवळ वाटते. मध्ये दरी किंवा तळे असले की अदमास चुकू लागतो. हिरवळीच्या मागे उंच झाडांची भिंत असेल तर निशाण पुढे आल्यासारखे दिसते, आणि मागे नुसते आकाश असेल तर ते मागे सरकल्यासारखे भासते. या भ्रमांचा पद्धतशीर उपयोग करणाऱ्यांत ॲलिस्टर मॅकेन्झी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. हे गृहस्थ मूळचे वैद्यक शिकलेले. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात ते शस्त्रवैद्य म्हणून गेले होते. बोअर शेतकरी-सैनिक जमिनीच्या चढउतारांचा आडोसा घेऊन ब्रिटिशांच्या नजरेसमोर असूनही कसे अदृश्य राहतात, हे त्यांनी तेथे पाहिले आणि पुढे लष्करी मायावरणाच्या विद्येत ते जाणकार गणले गेले. पुढे त्यांनी वैद्यकी सोडून गोल्फची मैदाने रचण्यास वाहून घेतले. अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल हे जगप्रसिद्ध मैदान त्यांनी बॉबी जोन्स या श्रेष्ठ खेळाडूच्या सहकार्याने रचले. शत्रूची दृष्टी फसवण्याची जी कला रणांगणावर उपयोगी पडली, तीच रविवारी सकाळी खेळायला येणाऱ्या निरुपद्रवी सभ्य माणसांवर चालवली गेली असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. वाळूचा खड्डा हिरवळीच्या वीस वार अलीकडे खणायचा, पण त्याची पलीकडची कड अशी उंच करायची की दुरून तो हिरवळीला लागूनच आहे असे वाटावे. मधले वीस वार डोळ्याला दिसतच नाहीत. खेळाडू त्या खड्ड्यावर नजर ठेवून टोला मारतो आणि त्याचा चेंडू त्या न दिसलेल्या वीस वारांत विसावतो.

डोळ्यावर विसंबू नये हे कळण्यास खेळाडूंना बराच काळ लागला. स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या मैदानांवर पिढ्यान्‌पिढ्या खेळ झाला तो नजरेच्या आणि सवयीच्या बळावर. मैदान तेच, माणसेही तीच, त्यामुळे अमुक झुडुपापाशी चेंडू आला की अमुक क्लब, अशी स्मृती तयार झालेली असे. परक्या मैदानावर ही स्मृती लंगडी पडते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भले भले खेळाडूही असेच नजरेने खेळत. १९६१ साली अमेरिकेची हौशी खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे झाली. तेथे डीन बीमन या स्पर्धक मित्राने जॅक निक्लॉस या तरुण खेळाडूला सुचवले की, स्पर्धेआधी मैदान पावलांनी मोजून घ्यावे आणि ठळक खुणांपासून हिरवळीपर्यंतचे आकडे टिपून ठेवावेत. निक्लॉसने ते ऐकले, स्पर्धा जिंकली, आणि पुढे व्यावसायिक खेळाडू म्हणून विक्रमी अठरा प्रमुख अजिंक्यपदे मिळवताना ती टिपणवही कधी सोडली नाही. थोर खेळाडूचे अनुकरण होतेच. १९७०नंतरच्या दशकात अशा वह्या छापून विकल्या जाऊ लागल्या आणि खिशात वही नसलेला व्यावसायिक खेळाडू दुर्मीळ झाला.

वहीची जागा उपग्रहाने कशी घेतली, ती कथा मात्र खेळाच्या मैदानावर घडलेली नाही. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक आकाशात सोडला. त्याचा संदेश ऐकत बसलेल्या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले की, संदेशाच्या कंपनसंख्येत पडणाऱ्या फरकावरून उपग्रहाचे स्थान काढता येते. मग उपग्रहाचे स्थान ठाऊक असेल तर ऐकणाऱ्याचे स्थान का काढता येऊ नये, असा उलट प्रश्न निघाला. त्या प्रश्नातून आरमारासाठी एक यंत्रणा उभी राहिली, आणि पुढे तिन्ही सेनादलांच्या उपयोगासाठी जी.पी.एस. ही यंत्रणा आखली गेली. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडण्यात आला. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियाचे प्रवासी विमान पाडले गेले आणि २६९ माणसे प्राणांस मुकली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांच्या शासनाने जाहीर केले की, ही यंत्रणा सिद्ध होताच नागरी उपयोगासाठी सर्वांना खुली राहील. परंतु लष्कराने नागरी संदेशात मुद्दाम घोळ घालण्याची सोय ठेवली होती. त्यामुळे सामान्य ग्राहकाला आपले स्थान शंभर मीटरपर्यंतच्या चुकीने कळे. समुद्रातील जहाजाला तेवढे पुरते. गोल्फमध्ये शंभर मीटरची चूक म्हणजे चेंडू शेजारच्या खेळाडूंच्या डोक्यावर. हा घोळ २ मे २००० रोजी काढून टाकण्यात आला आणि चूक एका रात्रीत दहा-वीस मीटरांच्या घरात आली. पुढे ग्राहक-यंत्रे सुधारली. आज मोकळ्या आकाशाखाली हातातले साधे उपकरण तीन ते पाच मीटरांच्या आत स्थान सांगू शकते. गोल्फसाठी ही उपकरणे सर्वत्र पसरली ती त्या २००० सालानंतरच.

या यंत्रणेची गंमत अशी की, ती अंतर मोजत नाही, वेळ मोजते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारा उपग्रह आपल्या आण्विक घड्याळाची वेळ सतत सांगत असतो. तो संदेश प्रकाशाच्या वेगाने निघतो आणि सेकंदाच्या सुमारे पंधराव्या भागात मनगटापर्यंत पोहोचतो. किती वेळ लागला यावरून उपग्रह किती दूर हे कळते, आणि असे निदान चार उपग्रह ऐकू आले की पृथ्वीवरचे स्थान निश्चित होते. यात सेकंदाच्या अब्जांश भागाची चूक झाली तरी जमिनीवर एक फुटाचा फरक पडतो. आइन्स्टाइनच्या सिद्धान्तानुसार उपग्रहावरील घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावते. ही दुरुस्ती आधीच केली नाही, तर एका दिवसात दहा किलोमीटरांहून अधिक घोटाळा होईल. अंतर वेळेत सांगण्याची रीत खेड्यातल्या माणसाला नवी नाही. पुढचे गाव किती लांब म्हणून विचारले तर ‘एक विडी ओढून होईतो पोहोचाल’ असे उत्तर मिळत असे. जगातील सर्वांत सूक्ष्म मोजयंत्रणा त्याच रीतीने चालते. तिची विडी तेवढी फार लवकर संपते.

आता उपकरण स्वतः कोठे आहे एवढेच जाणते. हिरवळ कोठे आहे हे त्याला कोणी तरी आधी सांगून ठेवावे लागते. त्यासाठी कंपन्या मैदानांचे नकाशे करतात, कोणी प्रत्यक्ष चालून, कोणी आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांवरून. ज्याला सात-बाराचा उतारा आणि शेतावरचा खरा बांध यांतील नाते अनुभवाने ठाऊक आहे, त्याला येथे सावध राहण्यास वेगळे सांगावे लागणार नाही. एखाद्या क्लबाने हिरवळ दहा वार मागे नेली आणि नकाशा जुनाच राहिला, तर उपकरण अत्यंत आत्मविश्वासाने चुकीचा आकडा दाखवील. दुसऱ्या जातीचे उपकरण दुर्बिणीसारखे असते. ते निशाणावर लेसर किरण सोडते आणि तो परत येण्याच्या वेळेवरून अंतर सांगते. ते एखाद्या वारापर्यंत अचूक असते आणि त्याला नकाशा लागत नाही, परंतु जे दिसत नाही ते त्याला मोजता येत नाही. टेकाडाआडची हिरवळ, वळणापलीकडचे तळे यांच्यापुढे ते निरुपाय होते. तेथे उपग्रहाचे उपकरण सरस ठरते.

ते ज्या तऱ्हेने आकडा सांगते तीतच त्याचा खरा गुण आहे, आणि तोच पुष्कळ खेळाडू दुर्लक्षितात. पडद्यावर बहुधा तीन आकडे असतात: हिरवळीच्या पुढच्या काठाचा, मध्याचा आणि मागच्या काठाचा. साधारण हिरवळ पाच गुंठ्यांच्या आसपास भरते. लांबट असेल तर तिचे दोन काठ तीस वार दूर असू शकतात. लोखंडी क्लबांच्या पल्ल्यांत क्रमाने दहा-दहा वारांचा फरक धरला, तर एकाच हिरवळीच्या पुढच्या आणि मागच्या काठांत तीन क्लबांचे अंतर पडते. निशाण मागच्या काठाजवळ असले आणि पलीकडे उतार असला, तर शहाण्याने मधला आकडा घ्यावा. निशाण पुढे असले आणि अलीकडे वाळू असली, तरीही मधलाच घ्यावा. हौशी खेळाडूचे बहुसंख्य टोले निशाणाच्या पलीकडे न जाता अलीकडेच पडतात, हे कोणत्याही मैदानावर तासभर उभे राहून पाहता येईल. त्याचे कारण अंतराचे अज्ञान हे असते तसेच आणखी एक असते, आणि ते अधिक नाजूक आहे.

उपकरण म्हणते, दीडशे वार. खेळाडू म्हणतो, माझा सात नंबरचा क्लब दीडशे वार जातो. तो खोटे बोलत नाही. एकदा, मे महिन्यात, कडक जमिनीवर, पाठीमागून वारा असताना तो खरोखर तेवढा गेला होता. तो टोला त्याच्या स्मृतीत मुक्कामास राहिला आणि त्यानंतरचे एकशे तीस वारांचे शेकडो टोले आले तसे विस्मृतीत गेले. ब्रिटनमध्ये हौशी खेळाडूंच्या सर्वांत लांब क्लबाने मारलेल्या टोल्यांची मोजणी वर्षानुवर्षे होत आली आहे. तीत पुरुष खेळाडूंची सरासरी २१५ वारांच्या आसपास भरते. क्लबाच्या व्हरांड्यात चहा पिताना हा आकडा कोणी आपला म्हणून सांगितल्याचे सहसा ऐकू येत नाही. तेथे अडीचशेच्या खाली बोलणे कमीपणाचे समजले जाते.

म्हणजे अंतराच्या हिशेबात दोन आकडे लागतात. एक जमिनीचा, दुसरा माणसाचा. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण या खेळासाठीच निघाली असावी असे वाटण्याजोगी परिस्थिती आहे. उपग्रह अंथरुणाची लांबी काही वारांच्या आत सांगतो, पण पायांची लांबी ज्याची त्यालाच मोजावी लागते. ती मोजण्यासही हेच उपकरण उपयोगी पडते, आणि सामान्य खेळाडूला त्याचा सर्वांत मोठा लाभ येथेच आहे. सपाट जागी, वारा नसताना, एका क्लबाने वीस चेंडू मारावे. सर्वांत लांब गेलेले दोन-तीन आणि साफ फसलेले दोन-तीन बाजूस ठेवावे. उरलेले जिथे प्रथम जमिनीला टेकले तिथपर्यंत उपकरण हाती घेऊन चालत जावे आणि आकडा लिहावा. घरंगळत गेलेले अंतर त्यात धरू नये, कारण वाळूचा खड्डा किंवा तळे ओलांडताना चेंडू घरंगळून उपयोग नसतो. असे सर्व क्लबांचे करण्यास दोन-तीन सकाळी पुरतात. हा तक्ता पाहून बहुतेकांना वाईट वाटते. परंतु एवढे दुःख सोसले की, पुढच्या खेळात पूर्वी ज्या जागी सात नंबर निघत असे तेथे पाच नंबर निघू लागतो आणि चेंडू हिरवळीवर उतरू लागतो. अंगात नवे कौशल्य काहीच आलेले नसते.

ही गोष्ट किरकोळ नाही. कोलंबिया विद्यापीठातील मार्क ब्रोडी या प्राध्यापकांनी अमेरिकन व्यावसायिक स्पर्धांतील लक्षावधी टोल्यांचा अभ्यास करून २०१४ साली ग्रंथरूपाने निष्कर्ष मांडले. श्रेष्ठ खेळाडू इतरांवर जी सरशी मिळवतात तिचा सुमारे चाळीस टक्के भाग हिरवळीकडे मारलेल्या टोल्यांतून येतो, असे त्यांना आढळले. हिरवळीवर चेंडू हळूच ढकलून भोकात घालण्याच्या कौशल्याचा वाटा पंधरा टक्क्यांच्या आसपासच निघाला. खेळाडूंच्या पिढ्या ज्या कौशल्याला निर्णायक मानत आल्या, त्याहून अंतराचा अचूक अंदाज घेऊन मारलेला टोला अधिक मोलाचा ठरला.

आपला पल्ला नेमका जाणणे म्हणजे काय, याचे उत्तम उदाहरण भारतीय श्रोत्यांनी २०२१ साली टोकियो ऑलिंपिकच्या वेळी पाहिले. बंगळूरच्या अदिती अशोक यांची लांब टोले मारणाऱ्यांत गणना नव्हती. दुसऱ्या खेळाडू जेथून आखूड लोखंडी क्लबाने हिरवळ गाठत, तेथून त्यांना लांब क्लब घ्यावा लागे. त्यांनी तो संकोच न करता घेतला. त्यांची थैली त्यांच्या मातोश्री वाहत होत्या. चार दिवसांच्या खेळानंतर त्या चौथ्या आल्या आणि कांस्यपदक एका टोल्याने हुकले. एरवी गोल्फचे नावही न घेणाऱ्या घरांतून त्या शनिवारी पहाटे माणसे उठून बसली होती.

उपकरणाला किती मुभा द्यावी याविषयी या खेळाचे नियम करणाऱ्या संस्थांनी घेतलेली भूमिका विचारपूर्वक पाहण्यासारखी आहे. २००६ पासून स्थानिक नियम करून अंतरमापक वापरू देण्याची सवलत मिळाली. १ जानेवारी २०१९ पासून नियमच उलटला आणि स्पर्धेने मनाई केली नसेल तर अंतरमापक चालतो असे ठरले. परंतु त्याच नियमात एक रेषा आखलेली आहे. उपकरणाने अंतर सांगावे. चढउतार मोजून ‘दीडशे आहेत पण एकशे साठ धरा’ असे सांगू नये. वाऱ्याचा वेग मोजू नये. चेंडू जेथे पडला आहे ते पाहून अमुक क्लब घ्या असा सल्ला तर मुळीच देऊ नये. ही मर्यादा एकदा ओलांडल्यास टोल्यांच्या खेळात दोन टोल्यांचा दंड होतो, दुसऱ्यांदा ओलांडल्यास खेळाडू बाद होतो. सल्ला देण्याचा अधिकार नियमाने खेळाडूबरोबर चालणाऱ्या कॅडीला आणि, जोडीचा खेळ असेल तर, जोडीदाराला दिला आहे. यंत्राला तो नाही.

पुरुषांच्या चार प्रमुख स्पर्धांपैकी एकीने, पी.जी.ए. अजिंक्यपद स्पर्धेने, २०२१ साली प्रथमच ही उपकरणे वापरू दिली. स्थळ होते साउथ कॅरोलायनातील कियावा बेटावरचे समुद्रकाठचे मैदान, कागदोपत्री लांबी ७,८७६ वार. तोवर कोणतीही प्रमुख स्पर्धा एवढ्या लांब मैदानावर झाली नव्हती. सर्वांच्या हाती अचूक आकडे होते, आणि समुद्रावरून येणारा वारा त्या आकड्यांना क्षणाक्षणाला निरर्थक करीत होता. ती स्पर्धा फिल मिकलसनने वयाच्या पन्नासाव्या वर्षी जिंकली. प्रमुख स्पर्धा जिंकणारा त्याच्याहून वयस्क खेळाडू त्यापूर्वी झाला नव्हता. त्याची थैली त्याचा धाकटा भाऊ वाहत होता.

भारतातील मैदानांवर या आकड्याची किंमत जागोजाग बदलते. काश्मीरमधील गुलमर्गचे मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत चेंडूला अडथळा कमी होतो आणि मुंबईत जो टोला दीडशे वार जातो, तो तेथे पंधरा-एक वार अधिक जातो. मैदानी प्रदेशातून सुटीसाठी गेलेला खेळाडू पहिल्या दिवशी प्रत्येक हिरवळ ओलांडून पलीकडच्या उतारावर चेंडू शोधताना दिसतो. त्याचे उपकरण बिघडलेले नसते. दिल्ली गोल्फ क्लबाच्या मैदानात लाल बंगल्यासारखी जुनी थडगी आहेत, मोर आहेत, आणि दोन्ही बाजूंना अशी घनदाट झुडुपे आहेत की तेथे लांब टोल्यापेक्षा सरळ टोल्याला मान आहे. अशा मैदानावर पुढच्या हिरवळीचा आकडा पाहण्याआधी आपल्या टोल्यानंतर चेंडू रुंद जागी कोठे पडेल हे पाहावे लागते. पडद्यावर तेही दिसते, पण ते पाहण्याचा संयम थोड्यांनाच असतो. १८२९ साली स्थापन झालेल्या कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता क्लबात ठिकठिकाणी तळी आहेत आणि प्रश्न सतत एकच असतो, ओलांडावे की अलीकडे थांबावे. येथे उपग्रहाचे उपकरण आपली सर्वांत प्रामाणिक सेवा करते. तळ्याच्या पलीकडच्या काठाचा आकडा एकशे सत्तर असेल आणि तक्त्यात तेवढा पल्ला नसेल, तर वाद मिटतो. आणि पावसाळ्यात चेंबूर किंवा येरवड्याच्या मैदानावर जमीन भिजून मऊ झालेली असते, चेंडू पडेल तेथेच रुततो. उन्हाळ्यात घरंगळून मिळणारे वीस वार तेव्हा मिळत नाहीत. भिजलेल्या दाट झाडीखाली उपग्रहाचा संदेशही क्षीण होतो.

या सर्व मैदानांवर एक माणूस उपकरणाच्या पुष्कळ आधीपासून उभा आहे. भारतात कॅडी हा बहुधा मैदानाजवळच्या वस्तीत राहणारा, फेरीवर मजुरी मिळवणारा गडी असतो. खेळाडू त्याला अंतर विचारतो, पण अनुभवी कॅडी बहुतेकदा अंतर सांगत नाही, क्लब काढून हाती देतो. पहिल्या दोन-तीन टोल्यांतच त्याने साहेबांचा खरा पल्ला पाहिलेला असतो, आणि साहेब स्वतःविषयी काय समजतात तेही त्याच्या ध्यानात आलेले असते. जमिनीचा आणि माणसाचा असे दोन्ही आकडे त्याच्या डोक्यात एकत्र झालेले असतात. त्यात वारा मिसळलेला असतो, आणि काल रात्री पाऊस पडला होता हेही. या वर्गातून निघालेली माणसे खेळात कोठवर जाऊ शकतात हे अली शेरने दाखवले. दिल्ली गोल्फ क्लबात कॅडी म्हणून वावरलेला हा खेळाडू १९९१ साली इंडियन ओपन जिंकला, आणि १९९३ साली पुन्हा जिंकला. हौशी खेळाडू पी. जी. सेठी यांनी १९६५ साली ती स्पर्धा जिंकली होती, परंतु व्यावसायिक भारतीयांत अली शेर पहिला. एस. एस. पी. चौरसियाचे वडील कोलकात्याच्या मैदानावर हिरवळीची निगा राखत. मुलगा त्याच मैदानावर पाहून पाहून शिकला आणि २००८ साली दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकला. २०१६ आणि २०१७ साली इंडियन ओपनही त्याने जिंकली.

उपकरण स्वस्त होत चालले आहे, आणि कॅडीची मजुरी वाचवण्याचे साधन म्हणून त्याच्याकडे पाहणारे खेळाडूही आहेत. परदेशात चाकांच्या गाड्यांनी आणि अशा घड्याळांनी हौशी खेळातून कॅडी जवळजवळ नाहीसा केला. येथे तसे झाले, तर ज्या वस्तीतून अली शेर आला तिचे मैदानाशी असलेले नाते तुटेल. क्लबांच्या कारभाऱ्यांनी यावर वेळीच विचार करावा हे बरे. कॅडींना ही उपकरणे वापरण्याचे शिक्षण देणे कोणत्याही क्लबाच्या ऐपतीबाहेरचे नाही. तसे पाहता त्यांतील तरुणांना ते शिकवावेही लागत नाही. साहेबांच्या मनगटावरील आकडा चार पावलांवरून वाचण्याची हातोटी त्यांनी केव्हाच साधली आहे. ते तो आकडा पाहतात, मग निशाणाच्या फडफडीकडे पाहतात, आणि एक नंबर मोठा क्लब काढून, पुसून, पुढे करतात.